वन्संच्या मानेची पट्टी

उशीचे दोन अभ्रे इस्त्री करून झाले होते, तीन राहिले होते, तेवढ्यात वन्सं दारात.
"वहिनी, बंद कर ते. माझ्या मानेत वीज सोडणार आहेत, सोबतीला चल."

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. तीस वर्षं पुरुषांचे शर्ट शिवतायत. त्यांना माणसं दिसतच नाहीत, कॉलरी दिसतात. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाव विचारायच्या आधी म्हणाल्या होत्या, "गळा साडेतेरा."

महिन्यापूर्वी त्यांच्याच गळ्याला डाव्या बाजूला बटणाएवढी गाठ लागली. थायरॉइड. "देवाने शिलाईत घाई केली," म्हणाल्या. मी कानांवर हात ठेवले. पण ऑपरेशनचं नाव निघाल्यापासून कापड कापण्याआधी त्या तीनतीनदा मापायच्या, ते मी पाहिलं होतं.

दवाखान्यात नवं यंत्र आलंय, अजून चाचणीवरच आहे. तिथल्या मुलीने वन्संच्या गळ्याभोवती धातूच्या सोळा टिकल्यांची पट्टी बांधली. म्हणाली, "कळणारही नाही इतकी बारीक वीज जाते. कुठून सहज जाते, कुठे अडते, त्यावरून आतलं चित्र उमटतं. सुई नाही, कापाकापी नाही. फक्त बोलायचं नाही, गिळायचं नाही."
"श्वास चालेल का?" वन्सं.

मुलगी यंत्र सुरू करायला पलीकडे गेली. मी डोळे मिटून नामस्मरण करत होते. देवा, या रोजच्या वहीत खरं लिहिते, एक डोळा किलकिला होता. खिडकीच्या काचेत बघत वन्सं पुटपुटल्या, "मध्य चुकलाय," आणि पट्टी चार बोटं सरकवली. कॉलरीच्या बाबतीत त्यांना टोकायची आमच्या घरात कुणाची टाप नाही. मी जप वाढवला.

डॉक्टर पडद्याकडे बघून बुचकळ्यात पडले. "गाठ उजवीकडे? हाताला तर डावीकडे लागते."
वन्संचा चेहरा पांढराफटक. "म्हणजे दोन?"
आता मात्र माझ्याने राहवेना. "डॉक्टर, यांनी पट्टी सरळ केली."
"सरळ?" मुलगी कडाडली. "पहिली टिकली कुठे बसवायची ते ठरलेलं असतं, आजी! तुम्ही चित्रच फिरवलंत!"
"आजी कुणाला म्हणतेस गं?" वन्सं म्हणाल्या, पण आवाजात दम नव्हता. आणि मला हळूच, "चुगलखोर!"

पुन्हा पट्टी बांधली. या खेपेला वन्संचे दोन्ही हात मी माझ्या मांडीवर दाबून धरले. बर्फासारखे गार होते. गाठ डावीकडे, एकच.
"इथून वीज सहज जातेय," डॉक्टर म्हणाले, "म्हणजे आत पाणी असावं. तसं असेल तर कापायची गरज बहुधा पडणार नाही. पण एकट्या या यंत्राच्या शब्दावर मी काही ठरवणार नाही. सोनोग्राफी करून या."

जिना उतरताना वन्संनी माझा दंड धरला होता. खाली आल्यावर म्हणाल्या, "बहुधा म्हणाला ना गं तो?"
"म्हणाले."
"मग तुझ्या देवाला सांग, ते 'बहुधा' तेवढं काढून टाक."

सांगितलंय. गुरुवारी सकाळी दहाला वन्संना सोनोग्राफीला जायचंय.