सुजाताच्या मेलखालचा नंबर

हे आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. समजून घ्याल अशी आशा नाही — आणि खरं सांगू, गरजही नाही.

लाखनीला हायवेलगत आमचं ऑफिस आहे, बाहेरच्या राज्यांत तांदूळ पाठवणाऱ्या कंपनीचं. तिथे सगळ्यांच्या ईमेलच्या सह्या मी सांभाळतो. हसू आलं ना? मलाही यायचं. सही म्हणजे मेलच्या शेवटी येणारं नाव, पद आणि फोन नंबर. आमच्याकडे ती ज्याची त्याने टाकायची नसते. मेल ऑफिसबाहेर पडताना सर्व्हर ती चिकटवतो. पाठवणाऱ्याला आपल्या मेलखाली काही दिसत नाही — दिसतं ते घेणाऱ्याला. काय चिकटवायचं, ते मी ठरवतो.

सुजाता सानगडीची. सहायक म्हणून लागली आणि तीन वर्षांत विक्रीप्रमुख झाली. ती खुर्ची माझी होती — निदान मी तसं धरून चाललो होतो. मालकांनी पेढे वाटले, मीही एक खाल्ला. मला ती आवडत नव्हती. तिचं नेमकं बोलणं, तिच्या चुका न सापडणं, डबा संपवून लगेच कामाला बसणं — सगळं डोक्यात जायचं. तिच्या घरी भिंतीवर बुद्धाचा फोटो आहे म्हणून माझा राग नाही, असं मी स्वतःला सांगायचो. मग घरी तिच्याबद्दल बोलताना 'ही लोकं' असं माझ्या तोंडून का निघायचं? निघायचं, एवढं खरं.

मालक म्हणाले, तिची सही बदलून टाक. मी बदलली. पद ठेवलं जुनंच, सहायक. आणि नंबर टाकला माझा.

एवढंच. व्यापारी फोन करायचे ते मला. सहायकाशी कोण सौदा ठरवणार? मी ठरवायचो, आणि वर मालकांना सांगायचो — म्याडमना जमत नाही बहुतेक, पार्ट्या मलाच विचारतात. आलेल्या उत्तरांच्या तळाशी ती सही तिला सापडली असती. पण तिथवर खाली कोण वाचत जातं? रोज धाकधूक असायची. तरी सही तशीच ठेवली.

एकदा ती माझ्या टेबलाशी आली.

"भाऊ, मेल तं मी रोज पाठवून राहिली. मंग पार्टीवाले मले काहून फोन नाही करत? माहं काही चुकून राहिलं का?"

तेव्हा तरी सांगता आलं असतं ना? मी म्हणालो, "मोठ्या लोकांसोबत बोलाले अनुभव लागते, म्याडम."

तिने मान डोलावली आणि ते वहीत लिहून घेतलं. हो — लिहून घेतलं! मला त्याचाही राग आला.

वर्षाच्या आत मालकांनी तिला पुन्हा सहायक केलं. तिने राजीनामा दिला. जाताना सगळ्या व्यापाऱ्यांना निरोपाची मेल पाठवली, त्यात मार्गदर्शनाबद्दल माझे आभार मानले. तिचं मेलचं खातं मी त्याच संध्याकाळी बंद केलं. दुसऱ्या दिवशी रायपूरच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला — अर्थात माझ्याच नंबरवर.

"म्याडम को बोलना, हमारे यहाँ जगह है. इतना साफ काम हमने किसी का नहीं देखा."

"बोल दूँगा," मी म्हणालो.

सांगितलं नाही. तिचा खरा नंबर माझ्याकडे होता, अजून आहे. ती सानगडीला घरीच असते, शिकवण्या घेते असं कानावर येतं. पश्चात्ताप म्हणाल तर — तिचं नाव निघालं की मला आजही चीडच येते, तिचीच.

माझ्या मेलखाली आता विक्रीप्रमुख असं येतं. नंबर बदलावा लागला नाही.