सुपडूभाऊ आणि जिनच्या गोदामातलं बॅडमिंटन

सुपडू गेला.

आज सकाळी, धरणगावला, चहा पिता पिता. शंभरीला एक वर्ष कमी होतं.

बातमीखाली कुणीतरी कमेंट टाकलीय, 'जुन्या काळचे एक साधे हमाल.'

हमाल होताच. पण साधा? त्या लिहिणाऱ्याला म्हणावं, एकदा त्याचा स्मॅश छातीवर घे, मग बोल.

मी त्याचा डबल्सचा पार्टनर. वय सत्त्याण्णव. टाइप नात करतेय, चुका तिच्या.

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मी शाळेत नवा मास्तर होतो. सुपडू जिनमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गाठी वाहायचा. हंगाम संपला की जिनचं गोदाम रिकामं व्हायचं, आणि मग तिथे आमचं जाळं बांधलं जायचं. सहा जणांचा क्लब, चार रॅकेट. कॅप्टन वकीलसाहेब.

सुपडू क्लबात आला तो योगायोगानं. एकदा खेळायला तिघंच जमलो, चौथा भिडू मिळेना. वकीलसाहेबांनी दारातल्या सुपडूला हाक मारली, "येतोस का रे?"

गाठी ओढायच्या आकड्यानं त्याचं मनगट असं काही तयार झालं होतं की पहिल्याच दिवशी त्यानं वकीलसाहेबांच्या कपाळावर फूल मारलं. शटलला आम्ही फूल म्हणायचो. वकीलसाहेब कपाळ चोळत म्हणाले, "हा उद्यापासून रोज येणार."

त्या वर्षी जिनच्या मालक शेठनी बॉम्ब टाकला. गोदाम आता बारा महिने सरकीला लागणार म्हणे.

वकीलसाहेबांनी शेठशी दोन तास हुज्जत घातली. शेवटी शेठ म्हणाले, "खानदेशातल्या क्लबांच्या लीगमध्ये वरच्या डिव्हिजनमध्ये जाऊन दाखवा. गेलात तर पावसाळाभर गोदाम तुमचं. नाही तर जाळं गुंडाळा."

शेठना वाटलं, ही काय वर जातात!

आम्ही एकेक सामना जिंकत गेलो. शेवटचा धुळ्याला, साहेब लोकांच्या क्लबात. जो जिंकेल तो वर.

तिथे बुटांशिवाय एन्ट्री नाही. सुपडूनं जन्मात बूट घातले नव्हते. वकीलसाहेबांनी आपले कॅनव्हासचे दिले, ते ढगळ. सुपडूनं पुढच्या टोकात कापूस कोंबला आणि आपल्या खानदेशी बोलीत म्हणाला, "आते बसना." आता बसला, म्हणे.

तीन डबल्स. पहिली आम्ही जिंकलो, दुसरी हरलो. तिसरी माझी आणि सुपडूची.

आता आमची खोड सांगतो, म्हणजे पुढची फजिती कळेल.

आमच्या गोदामात पत्र्याखाली तो तोलणाऱ्या लाकडी तुळयांच्या कैच्या होत्या, अगदी खाली आलेल्या. फूल कैचीला लागलं की चौघांनी रॅकेट खाली घ्यायची आणि सर्व्हिस पुन्हा. हा आमचा घरचा नियम. तो अंगात इतका मुरला होता की फूल जरा उंच गेलं की हात आपोआप खाली यायचा.

धुळ्याच्या हॉलचं छत बघायला टोपी धरावी लागायची.

त्यांनी पहिलंच फूल उंच टोलवलं. मी आणि सुपडू रॅकेट खाली घेऊन उभे राहिलो, शहाण्यासारखे. फूल आमच्या मागे पडलं.

पुन्हा उंच. पुन्हा आम्ही उभे.

लोक पोट धरून हसले. समोरच्या जोडीला आमची खोड कळली, आणि मग ते दुसरं काही मारेचनात. पहिला गेम पंधरा-तीन.

मला रडू यायला लागलं होतं. खोटं कशाला सांगू? डोळ्यांसमोर सरकीची पोती दिसत होती.

सुपडू पाणी प्यायला, त्यानं तोंड पुसलं.

"मास्तर, वर दखू नको. त्यासले उचलूच देवानं नही. कमरना खाले मार."

"आणि उचललं तर?"

"मी शे ना." मी आहे ना, म्हणे.

मग आम्ही तेच केलं जे गोदामात रोज करायचो. कैचीच्या भीतीनं आम्ही फूल कायम जाळ्याला घासून मारायचो, सपाट, जोरात. साहेबांना उंच खेळायची सवय. अंगावर येणारं फूल उचलायला त्यांना सवडच मिळेना. दुसरा गेम आमचा.

तिसऱ्यात आम्ही चौदा, ते बारा. सर्व्हिस आमची.

आणि नेमकं तेव्हा त्यांच्यातल्या उंच गड्यानं फूल उचललं. सरळ माझ्या डोक्यावर.

माझा हात खाली गेला. अख्ख्या सामन्याचं मातेरं करायला मी एकटा पुरेसा होतो.

"मास्तर, कैची नही शे आठे!"

इथे कुठली कैची, असं ओरडत सुपडू मागून धावत आला. मला खांद्यानं बाजूला ढकललं आणि स्मॅश मारला. फूल कुठे पडलं ते मला दिसलंच नाही, मी जमिनीवर होतो. अंपायरनं आमच्या बाजूला हात केला तेवढा दिसला.

जिंकलो! खानदेशात आमच्याइतकं मोठ्यानं त्या दिवशी कोणी ओरडलं नसेल.

सर्व्हिस मोटारीनं, म्हणजे तेव्हाच्या बसनं, परतलो तेव्हा शेठ जिनच्या फाटकात उभे होते. शब्दाचे पक्के. गोदामाची चावी त्यांनी वकीलसाहेबांपुढे धरली.

वकीलसाहेब म्हणाले, "माझ्याकडे नको. याच्याकडे द्या."

शेठनी एकदा सुपडूकडे बघितलं. मग दिली.

त्या गोदामात त्यानं हजारो गाठी पाठीवर वाहिल्या होत्या. कुलूप उघडायचा मान त्याला कधी मिळाला नव्हता. त्यानं दार उघडलं, आणि आत नाही गेला. मागे वळला. जिनचे सगळे हमाल रस्त्यावर उभे होते. त्या सगळ्यांना त्यानं हाक मारली.

"या रे बठ्ठा! आज गाठी उचलानं नही, आज खेळानं शे!"

पुढच्या वर्षी वरच्या डिव्हिजनमध्ये आम्ही सडकून मार खाल्ला. कोणाला पर्वा होती! त्या गोदामात मात्र पुढे वीस पावसाळे हमालांची पोरंही खेळली, मास्तरांचीही.

सुपडूभाऊ, तुझ्यासारखा पार्टनर मिळाला, आयुष्य वसूल झालं.

तुझ्या मास्तरचा शेवटचा रामराम.