लावायची राहिलेली तेजी

माझे पती पाचोऱ्याला सरकीच्या एका व्यापाऱ्याकडे मुनीम होते. नोकरी सांभाळून ते तेजी खायचे. तेजी खाणं म्हणजे, आठवडाभरात सरकीचा भाव ठरलेल्या आकड्याच्या वर जाणार नाही असं धरून समोरच्याकडून नजराणा घ्यायचा. भाव चढला नाही तर नजराणा आपला. चढला तर वरचा सगळा फरक आपण द्यायचा. म्हणून ते त्याच दिवशी बाजारातल्या एका आबांकडे आणखी वरच्या भावाची तेजी लावून यायचे. त्यांना थोडा नजराणा द्यायचा, म्हणजे त्या भावाच्या पुढचं आबांनी सोसायचं. उरायचं थोडं, पण बुडायचंही थोडंच.

मला हे कळायचं, कारण रविवारी जेवणं झाली की ते सांगायचे आणि मी मुलीच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर लिहायची. चौथीपर्यंतच शिकले, पण अक्षर बरं होतं. काय खाल्लं, काय लावलं, शेवटी हाती काय आलं. मग दोघं मागची पानं उलटायचो. त्या उरलेल्या पैशातूनच मुलीला जळगावला डी.एड.ला पाठवायचं होतं. तिनं मास्तरीण व्हावं, ही इच्छा तिच्याहून माझी जास्त.

एका रविवारी मी म्हणाले, “अहो, आबांकडे लावलेली तेजी वर्षभरात एकदाही कामाला आली नाही. फुकटच गेला तो नजराणा.”

त्यांनी पानं पुन्हा चाळली आणि हसले. “तू तं मुनीमना बी मुनीम शे!”

माझं असं कौतुक कधी झालं नव्हतं. भांडी घासतानाही ते कानात होतं.

त्यांनी लावणं बंद केलं. काही आठवडे जास्त उरलं. मुलीचा फॉर्म आणला, तिला स्टुडिओत नेऊन फोटो काढला.

मग एका सकाळी आबाच दारात आले. “काय नाना, हल्ली फिरकत नाहीस? रागावलास का?”

“घरच्या मुनीमनं बंद केलं, आबा.”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. “मग मुनीमबाई, भाव उडाला तर?”

त्या क्षणी मला चूक दिसली. वहीत जे घडलं तेवढंच होतं. जे घडू शकलं असतं ते कुठं लिहिलं होतं? ‘आजच लावून या’ एवढंच म्हणायचं होतं. पण समोर परका माणूस होता. पदर सारखा करून मी चहा ठेवायला आत गेले. आबा गेल्यावरही बोलले नाही. कौतुक परत द्यावं लागलं असतं.

त्याच आठवड्यात गुजरातच्या तेलगिरण्यांनी सरकी उचलली आणि भाव चढतच गेला. जळगावसाठी ठेवलेलं सगळं गेलं.

रविवारी ते म्हणाले, “लिही.” मी लिहिलं. त्यांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

मुलगी म्हणाली, “आई, राहू दे.” फॉर्म तिनंच घडी करून ठेवला.

उन्हाळ्यात यावलचं स्थळ आलं. मुलाकडच्यांनी फोटो मागितला. नवा काढायला कशाला, म्हणून फॉर्मसाठी काढलेलाच मी पाठवला. त्यात ती ताठ बसलीय, शिक्षिकेसारखी. तसं बस, असं मीच तिला सांगितलं होतं.