नावाचं कडवं

"नाव आधी. रडणं मागून."

रत्नागिरीच्या कोर्टाबाहेर पिंपळाखाली टेबल टाकून बसणारे गंगारामबुवा आलेल्या प्रत्येकाला हे ऐकवायचे. समोरचा माणूस पहाटेची एस.टी. धरून कुठून तरी आलेला असायचा. भावाने बांध सरकवलाय, सुनेने घर फोडलंय, कधी एकदा सगळं ओकून टाकतो असं त्याला झालेलं असायचं. बुवा टाइपरायटरमध्ये कागद चढवायचे, चष्मा कपाळावरून नाकावर आणायचे आणि पूर्ण नाव कळेपर्यंत एक अक्षर ऐकून घ्यायचे नाहीत. शेजारच्या तिघांनी कॉम्प्युटर घेतले, प्रिंटर घेतले. बुवांचा खडखडाट तसाच चालू राहिला. प्रतिज्ञापत्रात मात्र त्यांची चूक कधी सापडली नाही, हे आमचे न्यायाधीशसुद्धा कबूल करायचे.

बुवा जाऊन तीन महिने झाले. टेबल कुणीतरी उचलून नेलं, तिथे आता स्कूटर लावतात. तरी जेवणाच्या सुट्टीत कोर्टाच्या पायऱ्या उतरताना मला तो खडखडाट ऐकू येतो. मी वकील आहे, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण ऐकू येतो त्याला मी काय करू? हल्ली मी मागच्या दाराने बाहेर पडते.

चार वर्षांपूर्वी मी ज्युनिअर म्हणून या कोर्टात उभी राहिले. पहिल्याच दिवशी घाईघाईने एक अर्ज टाइप करायला दिला, तर बुवांनी तो वाचून परत माझ्याच हातात ठेवला. "वकीलबाय, अशिलाच्या बापाचं नाव कुठाय? बिनबापाचा जन्मला काय तो?" आजूबाजूचे सगळे हसले. मी लाल झाले. संध्याकाळी जाताना त्यांनीच मला चहा पाजला आणि विचारलं, "मांडवीची ना गो तू? मंग समुद्राकाठच्या माणसानं एवढं घाबरायचं नाय." त्या दिवसापासून मी त्यांची वकीलबाय झाले ती कायमची.

हा टायपिस्ट जाखडीचा शाहीर आहे, हे मला पहिल्या गणपतीत कळलं. जाखडी म्हणजे आमच्याकडचा गौरी-गणपतीतला नाच. मधे ढोलकी आणि शाहीर, भोवती एका पायात घुंगरू बांधून गोल फिरणारी मंडळी. कोर्टात खांदे पाडून बसणारे बुवा आमच्या वाडीत नाचाच्या मधोमध उभे होते. अंगात भरजरी जाकीट, डोक्याला फेटा, आणि आवाज असा की शेवटच्या घरातली म्हातारी उठून दारात आली. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले.

या गाण्यांची एक रीत आहे. शेवटच्या कडव्यात नाव येतं, पण ते रचणाऱ्याचं नसतं. ते त्याच्या गुरूचं असतं. बुवांचे गुरू रावजीबुवा. ते जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. त्यांची ना जमीन मागे राहिली, ना मूलबाळ, ना फोटो. "फोटो काढायला कोण होतं गो तवा?" बुवा म्हणायचे. "आता ते ऱ्हायलेत ते माझ्या कडव्यात. मी गायलो की येतात, गाऊन झालं की जातात." असं बोलताना त्यांचा आवाज खाली यायचा, जणू रावजीबुवा पलीकडच्या बाकावर बसून ऐकताहेत.

दोन वर्षांपूर्वी त्यांची एक गवळण मुंबईच्या एका संगीत कंपनीने उचलली. कुणीतरी गणपतीत मोबाईलवर टिपलेली असणार. खाली धडामधुडुम ताल घातला, वर एका गोऱ्यापान मुलीला डोक्यावर मासळीची पाटी देऊन नाचवलं आणि खाली लिहिलं, 'पारंपरिक कोकणी गीत'. ते गाणं लग्नात वाजायला लागलं, रिक्षात वाजायला लागलं. बुवांनी ते पहिल्यांदा कोर्टासमोरच्या चहाच्या टपरीवर ऐकलं. मी शेजारी उभी होते. पहिल्या ओळीला त्यांचा चेहरा फुलला. दुसऱ्या कडव्याला मान डोलायला लागली. तिसरं कडवं झालं आणि गाणं संपलं.

"पुढचं?" बुवांनी फोनवाल्याला विचारलं.

"एवढंच हाय, बुवा."

बुवांनी चहाचा ग्लास तसाच खाली ठेवला. मला वाटलं, स्वतःचं नाव नाही म्हणून दुखावले. मी तावातावाने म्हणाले, "बुवा, आपण नोटीस ठोकू. तुमचं नाव लावायलाच पाहिजे त्यांनी."

"माझ्या नावाचं काय लोणचं घालायचंय?" ते म्हणाले. "कडवं कापलं गो त्यांनी. माझा गुरू दुसऱ्यांदा मारला." आणि भर रस्त्यात हा साठीपुढचा माणूस रडला. नाव आधी आणि रडणं मागून म्हणणारा माणूस! मला कुठे बघावं कळेना.

मी नोटीस पाठवली. कंपनीच्या वकिलाचं गुळगुळीत उत्तर आलं, की गीत परंपरागत आहे, कुणा एकाचं नाही, आणि आपल्या अशिलाकडे रचनेचा पुरावा असल्यास सादर करावा. पुरावा म्हणून मी बुवांचंच प्रतिज्ञापत्र करायचं ठरवलं. त्यांच्याच टेबलाशी उभी राहून त्यांनाच मजकूर सांगायला लागले. "मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, सदर गीत ही माझी स्वतःची स्वतंत्र रचना असून..."

खडखडाट थांबला.

"हे खोटं होईल," बुवा म्हणाले.

"खोटं कसं? शब्द तुमचे ना?"

"शब्द माझे."

"चाल तुमची ना?"

"चाल माझी. गाणं गुरूंचं."

मी कपाळावर हात मारला. अर्धा तास वाद घातला. कायद्याला असं चालत नाही, एक काहीतरी धरा, शेवटच्या कडव्यात दुसऱ्याचं नाव आहे हेच तर ते आपल्यावर उलटवतील, सगळं सांगून झालं. बुवा ऐकत होते आणि मान हलवत होते. शेवटी म्हणाले, "कोर्टाला ही रीत ठाऊक नसंल तर कोर्टाला शिकव. वकील कशाला झालीस मंग?" कागद त्यांनी मशीनमधून काढला, चार घड्या घातल्या आणि खिशात टाकला.

त्या कागदावरून पुढे शिकायचं माझ्या डोक्यात शिरलं. परदेशातल्या एका विद्यापीठात माध्यम आणि मनोरंजन क्षेत्राच्या कायद्याचा एल.एल.एम. अभ्यासक्रम होता. गाणी, सिनेमा, कलावंतांचे हक्क, सगळं त्यात. आमच्या घरात मासे विकून मला शिकवलेलं, त्यामुळे शिष्यवृत्तीशिवाय जाणं शक्यच नव्हतं. मी बुवांना म्हणाले, "मी हा कायदा शिकून येते आणि तुमच्या गुरूंचं नाव त्या गाण्याला लावून देते." हे मी अगदी मनापासून म्हटलं होतं. तेवढं तरी कुणी माझ्यापासून काढून घेऊ नये.

अर्जासोबत एक निबंध लागायचा, हाच विषय का निवडला यावर, आणि दोन मिनिटांचा व्हिडिओ. बुवांना सांगितलं तर ते माझ्यापेक्षा जास्त पेटले. एका रविवारी सकाळी मी मिरजोळ्याला त्यांच्या घरी गेले, तर बुवा अंगणात जाकीट-फेटा चढवून तयार. एका पायात घुंगरू. काकी, म्हणजे त्यांची बायको, दारात बसून हसत होत्या. "लग्नात पण एवढे नटले नव्हते गो."

बुवा गायले. ढोलकी नव्हती, स्वतःच मांडीवर ठेका धरून गायले. चारही कडवी. शेवटच्या कडव्याला डोळे मिटले आणि रावजीबुवांचं नाव अगदी हळुवारपणे घेतलं.

आता मी काय केलं ते लिहिते. निबंधात मी लिहिलं होतं, की हा खेड्यातला एकांडा कवी आहे, गाण्याचा एकमेव निर्माता आहे, आणि त्याची निर्मिती लुटली गेली. इंग्रजीत ते फार झोकदार वाटत होतं. पण व्हिडिओच्या शेवटी तोच कवी गाण्यावर दुसऱ्याचं नाव घालत होता. हे त्या लोकांना समजावून सांगायला दोन पानं लागली असती आणि माझी शब्दमर्यादा संपली होती. शिवाय व्हिडिओ अडीच मिनिटांचा झाला होता. मी घरच्या ओट्यावर बसले, बोटाने व्हिडिओखालची पट्टी मागे सरकवली, तिसऱ्या कडव्यावर आणून सोडली आणि 'सेव्ह' दाबलं. मूळ व्हिडिओवरच ते सेव्ह झालं. एका मिनिटाचंही काम नव्हतं. वेळेची मर्यादा हे कारण खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं असं, की ते कडवं मला नडत होतं.

दुसऱ्या दिवशी बुवांनी कोर्टाच्या दारातच गाठलं. "गेलं?"

"गेलं, बुवा."

"कडव्यासकट?"

माझ्या हातात फाइली होत्या, आत पुकारा चालला होता. "कडव्यासकट," मी म्हणाले आणि पायऱ्या चढले.

प्रवेश मिळाला. शिष्यवृत्तीही मिळाली. बुवांनी पिंपळाखाली पेढे वाटले, स्वतःच्या घरात काही झाल्यासारखे. आलेल्या अशिलांना, बेलिफांना, टपरीवाल्याला सांगत सुटले, "आमच्या रावजीबुवांचं नाव विलायतेला पोचलं. ह्या पोरीनं पोचवलं." मी शेजारी उभी राहून हसत होते. तेव्हा सांगता आलं असतं. एक वाक्य होतं. उद्या सांगू, निघायच्या आधी सांगू, अभ्यासक्रम संपवून आल्यावर सांगू, असं करत राहिले. वैशाखात एका सकाळी बुवा अंघोळीला गेले ते बाहेर आले नाहीत. छातीत कळ आली म्हणे.

तेव्हापासून ती गवळण माझ्या डोक्यात वाजते. भाजी चिरताना, बँकेच्या रांगेत, माझे सिनिअर साहेब उलटतपासणी घेत असताना. तीन कडवी वाजते आणि थांबते. थांबल्यावर जी शांतता पडते ना, तिची मला भीती वाटते. कुणीतरी पुढच्या ओळीसाठी ताटकळत उभं असल्यासारखी ती वाटते. मी पुढची ओळ आठवायला जाते, चाल येते, शब्द येत नाहीत. त्यांच्या मंडळातल्या कुणालाही विचारलं तर सांगेल. पण विचारायला तोंड कुठून आणू?

गेल्या आठवड्यात माझा व्हिसा आला. निघण्यापूर्वी काकींना भेटायला मिरजोळ्याला गेले. काकींनी घावणे केले होते. खाऊन झाल्यावर त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "त्यांचं ते गाणं तुझ्या फोनमध्ये हाय ना? ते शेवटचं कडवं तेवढं लाव. जाण्याच्या आदल्या दिवशीपण तेच सांगत होते, गुरूचं देणं फिटलं म्हणून."

नाही म्हणायला कारण सुचेना. मी लावलं. बुवांचा आवाज घरात भरला. काकींनी पदराने डोळे पुसले, मग हात जोडून बसल्या. तिसरं कडवं संपलं आणि फोन काळा झाला.

काकी वाट बघत राहिल्या. "नेट गेलं काय?"

"नाही, काकी," मी म्हणाले. "पुढचं नाहीच आहे. मीच कापलं. त्यांनी विचारलं तेव्हा खोटं बोलले."

मग सगळंच सांगितलं, निबंधातलं, पट्टी मागे सरकवल्याचं, पेढ्यांच्या दिवशी गप्प बसल्याचं. काकी माझ्याकडे बघत होत्या. त्या शिव्या देतील, बाहेर काढतील, निदान रडतील असं मला वाटलं होतं. तसं झालं असतं तर मी सुटले असते.

"त्यांना कळलं होतं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"बरं झालं. सुखात गेले." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. आवाजात टोमणा नव्हता, राग नव्हता, माझी खरीखुरी काळजी होती. "पण आता तुझं कसं होणार गो बाय?"