खुणेच्या दगडांजवळची खरपुडी

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना रस्त्याच्या वरच्या अंगाला एक मुरमाड माळ आहे. तिथल्या कुसळी गवतात मला पहिल्यांदा खरपुडी दिसली. काडीला वेढे घालत चढणारी बारीक वेल, फूल जेमतेम इंचभर. बुडाशी फुगीर, मध्ये नळी, वर पाच पाकळ्यांची टोकं जुळलेली. बारीक माशी आत शिरली की नळीतले केस तिला अडवून धरतात. ते सुकले की ती सुटते आणि पराग पुढच्या फुलाकडे नेते. दिवाळीच्या सुमारास वेल वाळते. जमिनीत चपटा कंद उरतो. तो उन्हाळा काढतो आणि पावसाळ्यात पुन्हा फुटतो. कंद औषधी आहे असं बरेच जण म्हणतात. मला त्याचा अनुभव नाही.

पहिल्या भाद्रपदात मी भोरहून येऊन एकेचाळीस वेली मोजल्या. पुढच्या वर्षी चूक नको म्हणून प्रत्येकीशेजारी चुना फासलेला दगड ठेवला.

पुढच्या वर्षी तेवीसच भरल्या. उरलेल्या अठरा दगडांजवळ नुसते खड्डे होते.

त्या माळावर शेळ्या चारायला येणाऱ्या, माझ्या आईच्या वयाच्या एक मावशी आहेत. त्यांना विचारलं, "कंद कुणी उकरले?"

"आमीच की. शिमग्याच्या आधी. रानात भूक लागली की बरं असतं."

"मावशी, ते दगड मी मोजायला ठेवले होते."

"आमाला काय ठावं? म्हनलं, भोरच्या ताईंनी पंगत मांडलीया, बसा जेवायला."

त्या हसल्या. मला हसू आलं नाही. ते पाहून त्या खाली बसल्या आणि सांगू लागल्या.

"हे बगा, आमी उकरायचो ते पावसाळ्यात, वेल दिसती तवा. हुडकायला अर्धा दिस जायचा. शेंगा धरलेल्या वेलीला हात लावायचा न्हाई, ही आमची रीत. एकदा वाळली की कुनालाच घावायची न्हाई, ती वाचायची. आता वाळल्यावरबी तुमचा दगूड दिसतोय. शेंग हुती का न्हवती, कसं कळावं?"

म्हणजे माळ ज्या वेली लपवून ठेवत होता, त्या मीच दाखवून दिल्या होत्या. आम्ही दोघींनी मिळून सगळे दगड उचलले आणि ओढ्यात टाकले. त्यांनी एकही खूण ठेवू दिली नाही.

यंदा गवत कमरेएवढं होतं. तीन तास फिरून सव्वीस वेली सापडल्या. वहीत आकड्याआधी मी 'किमान' लिहिलं. असं मी कधी लिहीत नाही.

"किती घावल्या?" मावशींनी विचारलं.

"सव्वीस."

"लई चुकलाय तुमी, अजून हायत. पर कुठं ते मी सांगायची न्हाई."

मीही विचारलं नाही.