आईचं निसटतं तारण

माझ्या आईचं तारण, म्हणजे पापातून सुटका, किती वेळा झालं, हे मला सांगता येणार नाही. सातपाटीची मासळी विकणारी बाई. आवाज असा की पालघरच्या बाजारात या टोकाला भाव सांगितला तर त्या टोकाच्या गिऱ्हाइकाने पिशवी उघडावी. पण आमच्या ख्रिस्ती मंडळीची वार्षिक सभा भरली, आणि शेवटी पाहुण्या प्रचारकाने सगळ्यांना डोळे मिटायला लावून "ज्यांना आज प्रभूला जीवन द्यायचंय त्यांनी हात वर करा" म्हटलं, की ती शाळेतल्या पोरीसारखी व्हायची. तिचा हात वर. प्रचारक दरवर्षी नवा असायचा, त्यामुळे तो हरखून जायचा. "हालेलूया, एक आत्मा आला!" मंडळीतले जुने लोक मिटल्या डोळ्यांनीच हसायचे. आत्मा कोणाचा ते त्यांना बांगड्यांच्या आवाजावरून कळायचं.

मी शेजारी बसून तिचा पदर ओढायचे. "आई, मागच्या वर्षी झालंय की तुझं."

"झालेलं. ऱ्हायलंय कुटं?"

आमच्या घरात हे सगळं आलं ते दादामुळे. तो लहान असताना त्याला टायफॉइड झाला आणि ताप काही उतरेना. डॉक्टरांची औषधं चालू होतीच, पण गल्लीतल्या एक नर्सबाई रोज संध्याकाळी येऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायच्या. दादा बरा झाला. आईने दोघांचंही देणं मानलं. डॉक्टरांच्या घरी पापलेटं गेली आणि प्रभूला रविवार मिळाला. बाबा बोटीवर असायचे. ते एवढंच म्हणाले, "जायाचं तर जा, पन जेवान करून जा."

तिचा बाप्तिस्मा केळव्याच्या समुद्रात झाला. आमचे पास्टर घाटावरचे, सांगलीकडचे. नदीत पोहलेले, पण समुद्राशी ओळख नाही. आई त्यांना म्हणत होती, "पास्टर, लाटंकडं पाट करू नका." ते डोळे मिटून पित्याच्या, पुत्राच्या म्हणत असतानाच मागून लाट आली आणि दोघंही दिसेनासे झाले. आई आधी वर आली. मग तिने हात घालून कॉलर धरून पास्टरना वर काढलं. किनाऱ्यावर मुंबईचे पाहुणे भेळ खात उभे होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. पास्टर खारं पाणी थुंकले आणि उरलेलं वाक्य पुरं केलं. बाप्तिस्मा नक्की कुणी कुणाला दिला, यावर मंडळीत बरेच दिवस चर्चा चालली.

पास्टर मात्र मनाने उमदे. आई दर सभेला हात वर करते याचं त्यांना वाईट वाटायचं. एकदा ते मासळी घ्यायला आले आणि टोपलीसमोर उकिडवे बसून समजावू लागले. मी सुट्टी म्हणून आईसोबत होते.

"मावशी, तुम्ही विश्वास ठेवलात ना? मग तुम्ही प्रभूच्या हातात आहात. त्याच्या हातातून तुम्हाला कुणी हिसकावून घेऊ शकत नाही. शास्त्रातच आहे तसं."

"हिसकावतंय कोन?" आईने एक बोंबील उचलून त्यांच्या तळहातावर ठेवला. "धरा."

पास्टरनी धरला. बोंबील बोटांतून सुळकन टोपलीत.

"कोनी हिसकावला काय? सोताच गेला ना?"

पास्टरनी हात रुमालाला पुसला. मग म्हणाले, "पण मावशी, माझा हात आणि देवाचा हात यात फरक आहे."

"तो हाय," आई म्हणाली. "पन बोंबील तोच हाय."

पुढे मी बोईसरला एका कंपनीच्या ऑफिसात लागले आणि तिथेच खोली घेऊन राहिले. तिथे जेवणाच्या सुट्टीत दोन शिकलेल्या ख्रिस्ती सहकाऱ्यांना मी याच विषयावर भांडताना ऐकलं. एकाचं म्हणणं, एकदा मिळालेलं तारण जात नाही. दुसऱ्याचं म्हणणं, जातं. दोघांकडे वचनांचा ढीग. डबे गार झाले तरी ते बोंबलाच्या पुढे काही सरकले नाहीत.

मग एकदा मी सुट्टीत सातपाटीला आले असताना बाजारात भांडण झालं. शेजारी बसणाऱ्या बाईने आईच्या गिऱ्हाइकाला "तिची मासळी कालची हाय" असं सांगितलं. आईने आधी शब्दांनी उत्तर दिलं, ते मी इथे लिहू शकत नाही. मग हातात असलेला बांगडा त्या बाईच्या तोंडावर मारला. बाईला लागलं काहीच नाही, पण अख्खा बाजार हसला. घरी येईपर्यंत आईचा चेहरा उतरला होता.

"या बारीला हात वर करून नाय भागनार," ती म्हणाली. "परत पान्यात जायाला लागंल."

दुसऱ्या दिवशी आधी त्या बाईकडे जाऊन तिने माफी मागितली आणि मग पास्टरकडे जाऊन बाप्तिस्मा मागितला. पास्टर म्हणाले, "मावशी, बाप्तिस्मा एकदाच. माफी मागितलीत ना, झालं." मला वाटतं, केळव्याची लाटही त्यांना आठवली असावी. आईला ते पटलं नाही. तिला माझ्याकडून कळलं होतं की बोईसरला कामगारांची एक हिंदी मंडळी आहे, एका दुकानाच्या वर हॉलमध्ये भरते. रविवारी ती कपड्यांची पिशवी घेऊन माझ्या दारात हजर.

तिथले पास्टर झारखंडचे, भारी प्रेमळ. गच्चीवर पाण्याची मोठी टाकी भरून ठेवली होती. कारखान्यातली तीन-चार पोरं रांगेत होती आणि मध्ये नऊवारीत आमची आई.

"माताजी, पहली बार ले रही हैं?" पास्टरनी विचारलं.

मला आईच्या मनातलं स्पष्ट दिसत होतं. खोटं बोललं तर आहे तेही जाणार.

"पैले लिया था," ती म्हणाली. "गिर गया."

"क्या गिर गया, माताजी?"

"बाप्तिस्मा."

पास्टरनी माझ्याकडे बघितलं. मी टाकीकडे. मग त्यांनी आईला खुर्ची दिली, तिची सगळी कहाणी ऐकली, बांगडा मारला तिथे हसू दाबलं, आणि तिच्यासाठी लांबलचक प्रार्थना केली. टाकीत मात्र उतरू दिलं नाही. आई परत येताना म्हणाली, "मानूस चांगला हाय. पन ऐकत नाय."

या सगळ्यात दादा कुठे होता? तो तारापूरच्या बाजूला एका कारखान्यात मशीन दुरुस्तीवर होता आणि बोईसरलाच राहत होता. मंडळीत यायचं त्याने कधीचंच सोडलं होतं. आधी शिफ्टचं कारण दिलं. मग एकदा जेवताना सरळ सांगितलं, "आई, माझा आता यावर विश्वास नाही. उगाच बसायला बरं नाही वाटत." आईने त्याच्या ताटात आणखी एक तुकडी वाढली आणि विषय बदलला. स्वतःच्या एका शिवीवर रडणारी बाई इथे गप्प का, याचं मला नवल वाटलं.

उत्तर पुढच्या सभेत मिळालं. त्या वर्षीचा प्रचारक मोठ्या आवाजाचा होता. विश्वास सोडून गेलेल्यांवर आला आणि म्हणाला, "असे जे गेले, ते गेले! त्यांच्यासाठी दार बंद!" लोक आमेन म्हणाले, जरा भीतभीतच. आणि माझ्या शेजारून बांगड्या वाजल्या. मला वाटलं हात वर झाला. हात नव्हता, अख्खी आई उभी राहिली होती.

"ओ साहेब," तिने बाजारातला आवाज लावला. "माजा पोरगा येत नाय. पन तो गेलेला नाय."

प्रचारक थांबला. "बहिणीबाई, तुम्ही खाली..."

"त्याला मरनातून काडला तो काय मधेच सोडायला? पोरगा हात सोडील. तो लहानच हाय अजून." दादा तेव्हा चाळिशीला आला होता. "पन ज्यानं धरलाय तो सोडनार नाय. तुमाला दार बंद करायाचं तर तुमच्या घरचं करा."

कोपऱ्यात आमच्या पास्टरनी रुमालाने तोंड झाकलं. ते खोकत होते की हसत होते, मला शेवटपर्यंत कळलं नाही. प्रचारकाने पटकन गाणं सुरू केलं.

परतीच्या टमटममध्ये मी तिला गाठलंच. "आई, दादाने सरळ सांगितलं की मानत नाही. तरी त्याचं जात नाही. आणि तू एक बांगडा मारलास तर तुझं जातं?"

"माजी गोष्ट येगळी."

"का वेगळी?"

"मी मला वळखते ना."

"मग दादाला नाही ओळखत?"

"त्यालाबी वळखते. लय हट्टी हाय." तिने बाहेरच्या भातखाचरांकडे तोंड वळवलं. "पन तो माजा हाय."

टमटम खड्ड्यातून उसळली, ड्रायव्हरने स्वतःच्याच गाडीला शिवी घातली. आईने त्याला रागावून पाहिलं नाही, हे मी लक्षात ठेवलं.

त्यानंतर आई पार बदलली असं मी म्हणणार नाही. पुढच्या सभेला "हात वर करा" आलं तेव्हा तिचा हात खांद्यापर्यंत गेलाच. समोरून पास्टरनी हळूच मान हलवली. आईने तो हात डोक्यावर नेऊन पदर सारखा केला आणि खाली आणला. पाहुण्या प्रचारकाला त्या वर्षी आत्मा मिळाला नाही.

आई प्रचारकासमोर उभी राहिली ती गोष्ट दादाच्या कानावर गेली होती. तो खूप हसला. मग रविवारी मोटारसायकल घेऊन सातपाटीला आला आणि म्हणाला, "चल, सोडतो तुला." तेव्हापासून शिफ्ट नसली की तो तिला चर्चच्या फाटकापर्यंत सोडतो आणि समोरच्या टपरीवर चहा पीत बसतो. आत येत नाही. उपासना संपली की पास्टरच बाहेर जातात आणि दोघं बोलत उभे राहतात. काय बोलता, असं मी एकदा दादाला विचारलं.

"पाण्याच्या मोटरबद्दल. चर्चची मोटर जळायला आलीय, त्यांना कळत नाही."

पुढच्या रविवारी तो पाने-पक्कड घेऊन आला. उपदेश चालू असताना मागच्या दाराने आत शिरला आणि न्हाणीघराच्या बाजूला ठोकाठोक सुरू झाली. पास्टरनी आवाज थोडा चढवला. आईने मला कोपराने ढोसलं.

"आला बघ आत."

"मोटरसाठी आलाय, आई."

"मंग मी काय म्हनलं?" ती म्हणाली, आणि बायबलचं पान उलटायच्या निमित्ताने खुर्ची जरा तिरकी करून घेतली. तिथून मागचं दार दिसत होतं.