वादीच्या वाघांचा एकच सीझन

शुक्रवारच्या सुटीला आमच्या दारात चपला साचायच्या, तसे हे किस्से साचले. टीम मोडली तेव्हा चपला ज्याच्या त्याने नेल्या, किस्से मात्र माझ्याकडेच राहिले. इथे ओमानात, वादी अदाईला चहाला कोणीही येवो, पहिलं वाक्य तेच, "काकू, वाघांचं सांगा ना!" वाघ म्हणजे 'वादीचे वाघ', आमची अमेरिकन फुटबॉलची टीम. टिकली एकच सीझन, पण काय टिकली!

* * *

कॅप्टन माझा मुलगा महेश, एसीच्या कंपनीत सुपरवायझर. त्याच्या ऑफिसातल्या अमेरिकन साहेबाने इथल्याइथे एक छोटी लीग काढली आणि महेशने बिल्डिंगमधली कोकणातली पोरं गोळा केली. सगळी कबड्डीवाली! त्यातला गुहागरचा संतोष, कंपनीत सुतार, चढाईला गेला की कुणाच्या हाती न लागणारा.

साहेबाने बॉल आणला. तपकिरी, दोन्हीकडून टोकदार. संतोषने तो कानाशी नेला, हलवला आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "महेशभाऊ, फसवलं तुम्हाला. ह्यात पाणी नाही!"

* * *

नियम मला नातीने, इराने समजावले. तिचं मराठी अडखळत चालतं.

"आजी, बॉल घेऊन ना, लास्टच्या लाइनच्या पलीकडे जायचं. मग टचडाउन. दॅट्स इट!"

"एवढंच? मग आपली पोरं का जात नाहीत?"

"समोर लोक असतात ना, आजी!"

* * *

ह्या खेळात दर थोड्या वेळाने गोल करून, डोकी जोडून, गुपचूप बेत ठरवतात. आमच्या पोरांनी अक्कल चालवली. बेत मराठीत आणि खुशाल मोठ्याने! समोर पलीकडच्या रुवी भागातली टीम, तिला काय कळतंय?

"संतोषला बॉल द्या रे, डावीकडून काढू!"

समोरच्या एका हेल्मेटातून आवाज आला, "डावीकडून नको रे बाबांनो, खड्डा आहे तिथे. पाय मोडाल!"

आत रत्नागिरीचा सादिक होता, रुवीतला कापडवाला! त्या दिवशी आम्ही उजवीकडून हरलो.

* * *

आमच्यात ओमानी एकच, सूर गावचा सालिम. गलबतं बांधणाऱ्यांच्या घरातला, अंगाने दरवाजाएवढा. एकदा त्याने समोरच्याला आडवा केला, वर बसला आणि हेल्मेटच्या जाळीतून तोंड पाहतो तर गाववाला! मग बसल्या बसल्याच सुरू. तब्येत कशी, वडील कसे, घरचे कसे, गावची काय खबर? खालचाही प्रत्येकाचं उत्तर देऊन उलट तेच विचारतोय! रेफ्री शिट्टी फुंकून दमला. सालिमने त्याला हातानेच थांबवलं, "अजून त्याच्या काकांचं राहिलंय!"

* * *

दसऱ्याला मी बॉलची पूजा केली. कुंकू सढळ हाताने लावलं. मॅच सुरू झाली आणि थोड्याच वेळात दोन्ही टीमचे शर्ट लाल! साहेब "ब्लड! ब्लड!" ओरडत धावला. एकेकाला झोपवून जखम शोधतोय, जखम काही सापडेना. मी खुर्चीवरून ओरडले, "अहो, शुभ असतं ते!"

* * *

असा सगळा सीझन गेला आणि आमचा टचडाउन एकही नाही. त्यात मैदानाच्या अर्बाबचा, म्हणजे मालकाचा, निरोप आला, इथे पार्किंग होणार, खेळ खलास. शेवटच्या मॅचच्या दिवशी महेश भरल्या ताटावरून उठला.

"आई, जिंकणं राहू दे. एकदा तरी आपला माणूस त्या रेषेपलीकडे जाऊ दे. नाहीतर लोक म्हणतील, टीम नव्हतीच कधी."

संतोषचं दुखणं वेगळंच. गावी जायला तो दरवर्षी रजा मागायचा आणि दरवर्षी त्याला रजेऐवजी नुसतं 'इन्शाल्ला', देवाची मर्जी असेल तर, एवढंच मिळायचं. यंदाही तेच मिळालं होतं.

मॅच संपत आली. बॉल संतोषच्या हातात पडला आणि तो सुटला! एकाला हुलकावणी दिली, दुसऱ्याच्या काखेखालून निसटला आणि गेला की रेषेपलीकडे! रेफ्रीने दोन्ही हात वर केले, टचडाउन! इरा किंचाळली.

आणि संतोष? पलीकडे पाय टेकवला न टेकवला, गर्रकन वळला आणि परत पळत सुटला! एका दमात, "कबड्डी, कबड्डी, कबड्डी..." आमचेच लोक मिठी मारायला धावले, त्यांनाही त्याने चुकवलं. हेल्मेटात कोण आपला, कोण परका? सालिम हात पसरून आडवा आला, तर हा त्याच्या पायांमधून पार! सगळं मैदान ओलांडून, आमच्या टोकाला, माझ्या खुर्चीपाशी येऊन कोसळला आणि मग दम सोडला.

महेश धावत आला. हसतोय की रडतोय, त्यालाच कळत नव्हतं. "अरे वेड्या, पॉइंट तिकडेच झाला होता! परत कशाला आलास?"

संतोषने धापा टाकत हेल्मेट काढलं.

"तिकडे झाला म्हणून काय झालं, भाऊ? माणूस घरी नको पोचायला?"